श्रीनाथांचे आत्मपरीक्षण आणि लोकरूढी

समाजात चालत आलेले आचार मनुष्य बहुधा विचार करून स्वीकारीत नाही. ज्या घरात तो जन्म घेतो त्या घराबरोबरच ते त्याच्याकडे येतात. पंक्तीत कोणाच्या शेजारी बसावे, कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणती भाषा शास्त्राची व कोणती बाजाराची, कोणास नमस्कार करावा व कोणाकडून घ्यावा, या गोष्टी त्याला समज येण्यापूर्वीच ठरून गेलेल्या असतात. पुढे त्यांनाच तो धर्म म्हणू लागतो. त्यांपैकी खरा धर्म किती, निव्वळ सवय किती आणि आपल्या अभिमानाची सोय किती, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य फार थोड्यांस होते. आणि जे तो विचारतात त्यांतील पुष्कळजण तो दुसऱ्यास विचारतात. पैठणचे श्रीएकनाथमहाराज यांच्या चरित्राचा विशेष हा, की त्यांनी हा प्रश्न प्रथम स्वतःस विचारला आणि नंतर त्याचे उत्तर आपल्या घरात, आपल्या पानावर व आपल्या लेखणीने दिले. या दृष्टीने नाथचरित्राचे थोडे अवलोकन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच साधनांविषयी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नाथांविषयीची माहिती दोन वाटांनी येते. एक वाट त्यांच्या स्वतःच्या ग्रंथांची. त्यांत त्यांचे विचार निःसंदिग्धपणे सापडतात. दुसरी वाट चरित्रकारांची. ताहराबादचे महिपती (१७१५–१७९०) यांनी ‘भक्तविजय’ १७६२ मध्ये व ‘भक्तलीलामृत’ १७७४ मध्ये पूर्ण केले. ‘भक्तलीलामृता’तील तेराव्यापासून चोविसाव्यापर्यंतचे अध्याय नाथांच्या चरित्रास दिलेले आहेत. नाथांचे निर्याण फाल्गुन वद्य षष्ठी, शके १५२१ म्हणजे इ.स. १५९९ चे. तेव्हा महिपतींची लेखणी त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी चालली आहे. त्यांनी सांगितलेल्या कथांत चमत्कार आहेत, श्रद्धेने घातलेली भर आहे. परंतु नाथांनी कोणत्या रूढीस धक्का दिला व लोकांस तो कोठे लागला, याची समाजाने जपलेली आठवणही त्यांतच आहे. म्हणून कथा ती कथा म्हणून आणि ग्रंथ तो ग्रंथ म्हणून, असा विवेक राखूनच पुढील विवेचन केले आहे.

क्षेत्र आणि काळ

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. राज्ये गेली तरी गोदातीरावरील या नगराचे धर्मशास्त्रातील वजन गेले नाही. आचाराविषयी वाद पडला तर पैठणच्या ब्रह्मवृंदाचे मत घ्यावे, अशी रीत होती. संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडलेली ज्ञानेश्वरादी भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणासच आली, असे परंपरा सांगते. यादवांच्या काळी हेमाद्रीने ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड निबंधग्रंथ सिद्ध केला. व्रत, दान, श्राद्ध, काल इत्यादिकांचे बारीकसारीक नियम त्यात एकत्र आले. नियमांचा असा संग्रह हे विद्वत्तेचे मोठे कार्य होय, यात शंका नाही. तथापि नियम जितके सूक्ष्म होत जातात तितके ते पाळणाऱ्याचे लक्ष नियमाकडे जाते आणि ज्याच्यासाठी नियम झाला तो हेतू मागे पडतो, असेही इतिहासात पुनःपुन्हा घडले आहे.

अशा नगरात सोळाव्या शतकात नाथांचा जन्म झाला. त्यांचे पणजे भानुदास हे थोर विठ्ठलभक्त. विजयनगरास नेलेली श्रीविठ्ठलाची मूर्ती त्यांनी पंढरीस परत आणली, असे वारकरी परंपरा मानते. आईबापांचे छत्र नाथांवरून लवकर गेले व आजोबा चक्रपाणी यांनी त्यांचा सांभाळ केला. राज्य अहमदनगरच्या निजामशाहीचे होते. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी हे अधिकारी होते. राजसेवा व दत्तोपासना ही दोन्ही ते एकाच निष्ठेने करीत. लहानग्या एकनाथाने घर सोडून देवगिरी गाठली आणि स्वामींच्या चरणी राहून सेवा व अध्ययन केले. नाथांच्या अभंगांत आणि ग्रंथांत स्वतःच्या नावास जोडून गुरूंचे नाव येते, त्याचे मूळ या वास्तव्यात आहे.

एका पैचा हिशेब

देवगिरीच्या वास्तव्यातील एक कथा घरोघर सांगितली जाते. स्वामींनी नाथांकडे हिशेबाचे काम सोपविले होते. एके रात्री जमाखर्चात एका पैचा मेळ बसेना. नाथ दिव्याजवळ बसून राहिले. रात्र उलटली, आणि पहाटेच्या सुमारास चूक सापडली. त्या आनंदात त्यांनी टाळी वाजविली. जागे झालेल्या स्वामींनी कारण विचारले व म्हटले, एका पैची चूक सापडली तर इतका आनंद. मग जन्माच्या हिशेबातील चूक सापडेल तर केवढा होईल!

ही कथा बहुधा एकाग्रतेचा महिमा म्हणून सांगितली जाते, परंतु तिच्यात त्याहून अधिक आहे. हिशेबनीस चूक शोधतो ती दुसऱ्याच्या वहीत नव्हे, आपल्याच वहीत. वही आपल्या हाताने लिहिलेली असल्यामुळे ती बरोबरच असणार, हा भरवसा त्याला प्रथम सोडावा लागतो. रकमा लहान म्हणून दुर्लक्ष करून चालत नाही. आत्मपरीक्षणाची रीत हीच आहे. नाथांच्या पुढील आयुष्यातील प्रत्येक धाडसाच्या मागे ही हिशेबी वृत्ती दिसते. ते कोठेही आवेशाने रूढी मोडीत नाहीत; ताळा पाहतात, तो जुळत नाही असे दिसले म्हणजे थांबतात, आणि मग जे करावयाचे ते शांतपणे करतात.

‘तू कोण?’ हा प्रश्न

नाथांनी ज्या लहान संस्कृत प्रकरणांवर मराठीत टीका लिहिल्या त्यांत ‘हस्तामलक’ हे एक आहे. त्याची मूळ कथा पाठशाळेतील विद्यार्थ्यांस ठाऊक असते. जड, मुका समजल्या गेलेल्या एका मुलास आद्य शंकराचार्यांनी विचारले, की बाळा, तू कोण, कोणाचा, कोठे निघालास? त्या मुलाने दिलेल्या उत्तराचा आशय असा, की मी मनुष्य नव्हे, देव नव्हे; चार वर्णांतील कोणी नव्हे, चार आश्रमांतीलही नव्हे; निजबोध हेच माझे रूप. ज्या समाजात मनुष्याची पहिली ओळख त्याची जात व दुसरी त्याचे गाव, त्या समाजात हे प्रकरण मराठीत आणून सामान्य माणसाच्या हाती देणे ही साधी गोष्ट नव्हती. संस्कृतात असेपर्यंत हा विचार विद्वानांच्या चर्चेचा विषय होता. मराठीत आल्याबरोबर तो ऐकणाऱ्या प्रत्येकास स्वतःविषयी विचारण्याचा प्रश्न झाला.

तथापि ‘मी देह नव्हे, वर्ण नव्हे’ असे म्हणणाऱ्याचाही एक अभिमान तयार होतो, हे नाथांनी ओळखले होते. त्यासाठी त्यांचे ‘चिरंजीवपद’ हे छोटे प्रकरण अवश्य वाचावे. साधकाचा घात प्रतिष्ठेने कसा होतो, याचे त्यात अत्यंत बारीक वर्णन आहे. साधकाने विषय सोडले असे तो समजतो. पण लोक त्याचा सन्मान करू लागले म्हणजे सोडलेले विषय सन्मानाचे रूप घेऊन परत येतात. स्तुतीचे शब्द कानांस गोड लागतात, बसावयास मऊ आसन मिळते, ताटात मिष्टान्न येते, गळ्यात सुगंधी हार पडतात. मागितलेले नसल्यामुळे त्यांत दोष आहे असे वाटत नाही. हळूहळू त्याला त्यांची गरज वाटू लागते आणि मग सन्मान करणाऱ्यांना जे रुचेल तेच तो बोलतो. रूढीपुढे भलेभले का नमतात, याची मीमांसा येथे आहे. रूढी मोडल्यास शिक्षा होईल, या भीतीपेक्षा मान जाईल ही भीती अधिक बलवान असते; आणि ज्याला मानाची चटक लागली त्याच्याकडून सत्य बोलले जात नाही.

भागवताच्या एकादश स्कंधातील तेविसाव्या अध्यायातही हाच विषय आहे. अवंती देशातील एक धनवान पण अतिशय कृपण ब्राह्मण सर्व धन गमावतो व भिक्षू होतो. लोक त्याची कुचेष्टा करतात, दंड ओढतात, पात्र हिसकावतात. तेव्हा तो स्वतःशी विचार करतो, की माझ्या दुःखाचे कारण हे लोक नाहीत, देवता नाहीत, ग्रह नाहीत, कर्म नाही. कारण माझे मन. नाथांनी या भिक्षुगीतेवर केलेले विवरण माळव्यातील वाचकांना विशेष जवळचे वाटावे, कारण अवंती म्हणजे त्यांच्या परिसरातील उज्जयिनीचा देश. लोकनिंदेने न डगमगण्याचे बळ कोठून येते, याचे उत्तर नाथांनी या भिक्षूच्या मुखाने दिले. आणि त्या बळाची कसोटी त्यांना पुढे स्वतः द्यावी लागली.

प्राकृताचा अपराध

ती कसोटी भाषेच्या निमित्ताने लागली. नाथांनी एकादश स्कंधावर मराठी टीका लिहावयास घेतली. तिचे पहिले पाच अध्याय पैठणास झाले व त्यांची प्रत काशीस पोहोचली. व्यासांचे भागवत बाजाराच्या भाषेत आणले म्हणून तेथील पंडितांत क्षोभ झाला व नाथांना काशीस बोलावण्यात आले. परंपरेतील कथा अशी, की तेथील एका मठाच्या अधिपतींनी या माणसाचे मुखही पाहावयाचे नाही असे ठरवून मध्ये पडदा धरविला. नाथ पडद्याअलीकडून अर्थ सांगू लागले. ऐकता ऐकता अधिपतींचाच निश्चय ढळला आणि पडदा दूर झाला. ग्रंथ गंगेत टाकला असता गंगेने तो वर उचलून धरला, असेही कथा सांगते. इतके मात्र ग्रंथातच नमूद आहे, की तो वाराणसीत शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, कार्तिकी पौर्णिमेस पूर्ण झाला. एकतीस अध्याय आणि अठरा हजारांहून अधिक ओव्या असा त्याचा विस्तार आहे. ज्या नगरीतून दोषारोप आला त्याच नगरीत बसून ग्रंथ पूर्ण करणे, हेच नाथांचे उत्तर होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नाथांचा संस्कृताशी विरोध नव्हता. मूळ श्लोकाचा अर्थ ते व्युत्पन्न पंडिताच्या काळजीने लावतात. त्यांचा आक्षेप भाषेच्या अभिमानास होता. देवाला सर्व वाणी सारख्याच, तर मग विशिष्ट वाणी येणाऱ्यासच ज्ञानाचा अधिकार कसा, एवढेच त्यांचे विचारणे होते. आणि मराठी ही लोकांची भाषा म्हणून तिच्यात वाटेल तसे लिहिले तरी चालेल, असेही त्यांनी मानले नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रती मिळवून शुद्ध पाठ सिद्ध केला व यापुढे कोणी आपल्या ओव्या त्यात घालू नयेत अशी सूचना दिली. संस्कृत ग्रंथाच्या पाठाविषयी जी दक्षता पंडित बाळगतात, ती त्यांनी मराठी ग्रंथाविषयी बाळगली.

याच वृत्तीतून त्यांची भारुडे निर्माण झाली. शंभराहून अधिक विषयांवरील या रचनांत वासुदेव, जोशी, गोंधळी, फकीर, आंधळा, मुका अशी गावगाड्यातील नाना माणसे येऊन बोलतात. ‘जोहार’ या प्रकारात महार मायबापांस जोहार घालून बोलतो. आणि तो ज्या गावाचा हिशेब सांगतो ते गाव म्हणजे मनुष्यदेह असतो. वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाच्या मुखाने वेशीच्या आतील लोकांस वेदान्त सांगविणे, यात नाथांनी काय साधले हे सांगावयास नको. ‘हिंदु–तुर्क संवादा’त दोघे एकमेकांच्या आचारांतील विसंगती मोठ्या तिखटपणे दाखवितात आणि शेवटी परस्परांस आलिंगन देतात. दुसऱ्याच्या रूढीतील दोष दिसतो तेवढ्याच स्पष्टपणे आपल्या रूढीतील दिसावा, हे त्या संवादाचे तात्पर्य होय.

वाळवंट, कावड आणि श्राद्धाचे पान

नाथचरित्रातील तीन प्रसंग सर्वश्रुत आहेत. भर दुपारी गोदेच्या तापलेल्या वाळवंटात चुकलेले महाराचे मूल रडत होते. नाथांनी ते कडेवर घेतले व घरी नेऊन पोहोचविले. रामेश्वरास न्यावयाची गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिकामी केली. आणि पितृश्राद्धासाठी सिद्ध केलेले अन्न, वासाने कासावीस झालेल्या भुकेल्या अंत्यजांस वाढले.

हे प्रसंग केवळ भूतदयेचे मानले तर त्यांचा अर्थ अपुरा राहतो. भागवताच्या एकादश स्कंधातील एकोणतिसाव्या अध्यायात भगवंतांनी उद्धवास सांगितले आहे, की आप्तजन हसतील त्यांस हसू द्यावे, देहाची लाज सोडावी, आणि श्वान, चांडाळ, गाय व गर्दभ यांना भूमीवर दंडवत घालावे. नाथांनी ज्या अध्यायावर ओव्या लिहिल्या त्यातीलच हा उपदेश आहे. त्यातील गर्दभ कावडीच्या कथेत येतो. ज्यांना शिवू नये असे समाज म्हणे ते वाळवंटाच्या व श्राद्धाच्या कथेत येतात. आप्तजनांचे हसणे तर प्रत्येक कथेत आहे. ग्रंथ पुष्कळांनी वाचला होता. त्यातील हा उपदेश अक्षरशः करावयाचा आहे असे समजून नाथ वागले, म्हणून लोक त्यांच्यावर रागावले. रूढीविरुद्ध त्यांनी आणलेला साक्षीदार बाहेरचा नव्हता. तो प्रत्येकाच्या देवघरातील पोथीत होता.

श्राद्धाच्या प्रसंगात गिरिजाबाईंचा वाटा विसरता येत नाही. प्रचलित कथेप्रमाणे, अन्न पुष्कळ आहे तर या लोकांच्या बायकामुलांसही बोलवावे, असे त्यांनीच सुचविले. मग सर्व पात्रे घासून, सोवळ्याने पुन्हा सर्व स्वयंपाक त्यांनी केला. पतीच्या औदार्याचे श्रम पत्नीच्या हातांवर पडतात, हे चरित्रग्रंथांत क्वचितच लिहिले जाते. नाथांच्या घरी समतेचा जो आचार दिसतो तो एका माणसाचा नव्हे, दोघांचा होता.

प्रायश्चित्ताचा प्रसंग

निमंत्रित ब्राह्मण आले नाहीत. पितर स्वतः येऊन जेवले, असे महिपती सांगतात. ब्रह्मवृंदाने नाथांना प्रायश्चित्त सांगितले, आणि नाथांनी ते नाकारले नाही. ते गोदातीरी जाऊन बसले. या ठिकाणी वाचकाच्या मनात शंका येते. आपण केले ते योग्य, अशी खात्री होती तर प्रायश्चित्त कशासाठी घेतले?

महिपतींची कथा येथेच थांबत नाही. त्र्यंबकेश्वराहून एक कुष्ठरोगी ब्राह्मण नाथांना शोधीत तेथे आला. देवाने त्याला दृष्टांत दिला होता, की पैठणास एकनाथाने अंत्यजांस अन्न दिले त्या पुण्याचा अंश मिळाला तर तुझी व्यथा जाईल. नाथांनी ते पुण्य दिले व तो बरा झाला. ज्या कृत्यासाठी प्रायश्चित्त चालू होते त्याच कृत्याचे पुण्य मागावयास देवाने माणूस पाठविला, आणि तोही प्रायश्चित्त देणाऱ्यांच्याच जातीचा. चमत्काराचा भाग बाजूस ठेवला तरी, या कथेतून भाविक समाजाने आपला निर्णय कोणत्या बाजूने दिला हे स्वच्छ दिसते. प्रायश्चित्त सभेच्या मताप्रमाणे झाले. पाप होते की पुण्य, हा निकाल मात्र सभेने दिलेला राहिला नाही.

हरिपंडितांची गोष्ट

बाहेरच्यांचा विरोध सोसणे एकपरी सोपे असते. घरातील विरोध कठीण. नाथांचे पुत्र हरिपंडित संस्कृत विद्येत निष्णात होते. वडील प्राकृतात पुराण सांगतात आणि वाटेल त्याच्या घरी जेवतात, याची त्यांना लाज वाटे. ते काशीस निघून गेले. नाथ त्यांना आणावयास गेले तेव्हा हरिपंडितांनी दोन अटी घातल्या: प्राकृत सांगावयाचे नाही आणि परान्न घ्यावयाचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. हरिपंडित संस्कृत पुराण सांगू लागले. वडिलांच्या वेळी दाटीने भरणारा वाडा ओस पडू लागला. पाठांतर निर्दोष होते, व्याकरण शुद्ध होते. श्रोते मात्र नव्हते.

पुढे एक दरिद्री वृद्धा आली. तिने पूर्वी सहस्रभोजनाचा संकल्प केला होता. आता एकाच्या भोजनापुरतेही बळ उरले नव्हते. एकट्या नाथांना जेवू घातले तर संकल्प पुरा होईल, अशी तिची श्रद्धा होती. तिच्यासाठी नाथांनी मुलाची संमती घेतली. सोवळे राखावे म्हणून हरिपंडितांनी स्वतः स्वयंपाक केला. भोजनानंतर उष्टी पत्रावळ उचलली तर खाली दुसरी, ती उचलली तर तिसरी, अशा सहस्र पत्रावळी निघाल्या. पत्रावळी उचलता उचलता हरिपंडितांचा अभिमान गळाला व त्यांनी वडिलांच्या चरणी मस्तक ठेविले.

या कथेत नाथांनी पुत्राशी वाद केला नाही. त्यांनी त्याला त्याच्या अटींप्रमाणे वागू दिले आणि त्या वागण्याचा परिणाम त्याच्याच डोळ्यांसमोर येऊ दिला. विद्येचा अभिमान उपदेशाने जात नाही, कारण अभिमानी विद्वान उपदेशातील शब्दांचे दोष काढीत बसतो. उष्टे उचलण्याच्या कामास बसल्यावर ते साधन हाती राहत नाही. संस्कृत पाठशाळांत शिकणाऱ्या व शिकविणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट वर्षातून एकदा तरी मनाशी घोळवावी अशी आहे. अपुऱ्या राहिलेल्या ‘भावार्थरामायणा’चे कार्य नाथांनी पंडितपुत्रास न देता, पुरणपोळीचा लोभी म्हणून लोक ज्याला हसत त्या गावबास दिले, ही परंपरागत हकीकतही याच दिशेची आहे. नाथांनी ते युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आणले होते. पुढचा भाग गावबाने पूर्ण केला.

एक गंभीर आक्षेप

नाथांच्या या कथा विसाव्या शतकात नव्याने चर्चेत आल्या. १९३५ साली प्रभात कंपनीने त्यांच्या जीवनावर ‘धर्मात्मा’ हा चित्रपट काढला. व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन होते व बालगंधर्वांनी नाथांची भूमिका केली. त्याचे मूळचे ‘महात्मा’ हे नाव बदलावे लागले होते. त्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या आशयाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या इंग्रजी निबंधाच्या १९३७ सालच्या आवृत्तीत, गांधीजींना उत्तर देताना संतांविषयी एक परखड मत मांडले. संतांनी देवाच्या दृष्टीने सर्व माणसे सारखी असे सांगितले, पण माणसाच्या दृष्टीने माणूस सारखा असे सांगून जातिसंस्थेवर हल्ला केला नाही, असा त्यांचा आशय होता. या चित्रपटाचा उल्लेख करून नाथांविषयीही त्यांनी म्हटले, की त्यांनी अस्पृश्यांचा संपर्क स्वीकारला तो जातीस विरोध म्हणून नव्हे. तो विटाळ गंगास्नानाने धुऊन निघतो या समजुतीने.

भाविकांस हे वाक्य कठोर वाटेल. परंतु नाथांच्या शिकवणुकीप्रमाणे आक्षेपाचा विचार आधी आपल्या वहीत पाहून केला पाहिजे. आक्षेपातील काही भाग खरा आहे. नाथांनी वर्णाश्रमव्यवस्था मोडावी असे लिहिले नाही; भागवतातील वर्णाश्रमधर्माच्या अध्यायांवर त्यांनी श्रद्धेने टीका केली आहे. त्यांनी प्रायश्चित्त स्वीकारले हे कथाच सांगते. दुसऱ्या बाजूस हेही खरे, की विटाळ धुऊन निघतो एवढ्याच समजुतीने वागणारा मनुष्य, पितरांचे पान अंत्यजांस वाढल्यावर ते कृत्य पुण्य म्हणून दान देत नाही, आणि ज्यांची सावली टाळावयाची त्यांच्या मुखाने वेदान्त सांगत नाही. नाथांनी रूढीचा पाया तत्त्वाने खणला नसेल. त्यांनी आपल्या घरात ती चालू दिली नाही.

परंतु या आक्षेपाचा खरा रोख नाथांपेक्षा नाथांच्या अनुयायांवर आहे, आणि तेथे उत्तर देणे अवघड आहे. नाथांची कथा दरवर्षी सांगितली गेली, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि कथा संपल्यावर पंगती पूर्वीप्रमाणेच वेगळ्या बसल्या. ज्या पंढरीचे नाथ वारकरी, तेथील मंदिर सर्वांस खुले होण्यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. नाथांच्या निर्याणास तेव्हा जवळजवळ साडेतीनशे वर्षे झाली होती. १९५० साली अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. जे काम नाथांचे नाव घेणाऱ्यांनी करावयाचे ते शेवटी राज्यघटनेस करावे लागले. ही रक्कम भाविक समाजाच्या खात्यावर मांडलेलीच राहणार. ती खोडता येत नाही.

भक्तांसाठी निष्कर्ष

मठाचा वर्धापनदिन म्हणजे मागील वर्षांचा गौरव करण्याचा दिवस, तसाच हिशेब पाहण्याचाही. मठ हे परंपरा जपण्याचे स्थान आहे. त्याच कारणाने कोणती परंपरा जपण्यास योग्य व कोणती केवळ जुनी, हे पाहण्याची जबाबदारी मठाच्या शिष्यांवर इतरांहून अधिक येते. नाथांच्या चरित्रातून यासाठी तीन जागा स्पष्ट दिसतात. पहिली पंगतीची: प्रसादाच्या पानावर बसणाऱ्याचे कूळ विचारण्याची इच्छा अजून मनात उठते काय? दुसरी विद्येची: शास्त्र येणाऱ्याने ते न येणाऱ्यास समजेल अशा भाषेत सांगण्याचे कष्ट घेतले काय, की त्याच्या न समजण्यातच आपला मोठेपणा मानला? मराठी व शेजारची भाषा अशा दोन्ही भाषांत निघणारा प्रस्तुत ग्रंथ या दृष्टीने नाथांच्या मार्गावरचाच आहे. तिसरी सन्मानाची, आणि ती सर्वांत अवघड: लोकांनी दिलेला मान टिकावा म्हणून कोणते सत्य बोलावयाचे राहिले?

पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयास ‘नाथसागर’ हे नाव आहे. १९७६ पासून त्याचे पाणी मराठवाड्याच्या शेतांस मिळत आहे. ज्याने गंगेची कावड तहानलेल्या प्राण्यास पाजली त्याच्या नावाचे पाणी कोणाचेही कूळ न विचारता पाटातून वाहते, हे त्या नावास शोभून दिसते. फाल्गुन वद्य षष्ठीस पैठणास दिंड्या येतात व समाधीपुढे कीर्तने होतात. त्या दिवशी आपापल्या गावी, आपापल्या मठात राहणाऱ्या भक्तांनीही कीर्तन ऐकून झाल्यावर घटकाभर एकांती बसावे आणि वर्षभरात आपण जे जे धर्म म्हणून केले त्यातील अभिमानाची रक्कम वेगळी काढून पाहावी. ती एका पैची निघाली तरी नोंदवावी. इत्यलम्.